दोन पुरुष पाण्याखाली

मागच्या महिन्यात सांगलीहून एका छायाचित्रकार मंडळाची स्मरणिका टपालाने आली. जुन्या फोटोग्राफरांवर त्यांनी चार-चार ओळी छापल्या आहेत. आमच्या हवालदारांवरच्या, म्हणजे कांबळ्यांवरच्या, ओळी वाचल्या आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. लिहिणारा लिहितो, "कै. धोंडीराम कांबळे हे छांदिष्ट वृत्तीचे होते. साठच्या दशकात त्यांनी हौसेखातर पाण्याखाली फोटो काढण्याचे गमतीदार प्रयोग केले."

पहिली गोष्ट, 'कै.' कशाला? बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या माणसाला कैलासात पाठवणारे तुम्ही कोण? हवालदार असते तर स्मरणिका घेऊन त्या मंडळाच्या दारात उभे राहिले असते आणि ते अक्षर त्यांनी लिहिणाऱ्याकडूनच खोडून घेतलं असतं. दुसरी गोष्ट, हौस. गंमत. ज्या माणसाने भाऊ गेल्यावर चाळिशी उलटून पोहायला शिकून घेतलं, त्याला हे गमतीदार म्हणतात. मी त्या स्टुडिओत रिटचर होतो. तेव्हाची माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून मला लिहिणं भाग आहे. नाहीतर मला लिहिण्याची कसलीही हौस नाही.

स्टुडिओ विश्रामबागेच्या रस्त्याला होता. कॉलेजची पोरं दारावरून सायकली दामटत जायची. बाहेर काचेच्या कपाटात पैलवानांचे आणि नवरा-नवरींचे फोटो, आत एक पडदा, दोन दिवे आणि हवालदार. उंच, काटकुळा माणूस. अंगात खाकी शर्ट, पायात चकाकणारे बूट. फौजेत ते कॅमेरा शिकले आणि हवालदार होऊन परतले. कांबळे म्हणून त्यांना फारसं कुणी हाक मारत नसे. त्यातही गंमत अशी की, ज्यांना कांबळे म्हणायला जड जायचं तेच लोक 'हवालदार, हवालदार' करत फार जवळीक दाखवायचे. हवालदारांना ते पक्कं कळत होतं. "माझ्या आडनावाला काटा हाय. जिभंला टोचतो ह्यांच्या," असं ते गिऱ्हाईक जाताच म्हणायचे, आणि कधीकधी गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच म्हणायचे.

गिऱ्हाइकावर ओरडणारा दुसरा फोटोग्राफर मी पाहिला नाही. "मान सरळ. हनुवटी खाली. हसू नका, कुणी हसवलंय तुमाला?" त्या काळी प्रत्येक स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक कोट आणि एक टाय टांगलेला असायचा. शेतकरी आला की सदऱ्यावर तो कोट चढवायचा, फोटो काढायचा, कोट परत खुंटीला. हवालदारांनी आधीच्या मालकाकडून स्टुडिओ घेतला त्यात तो कोटही आला होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो बोहारणीला दिला. गिऱ्हाईक विचारायचं, "कोट न्हाई व्हय?" हवालदार विचारायचे, "तुमच्या घरात हाय?" नाही म्हटलं की, "मग फोटूत कुठनं येणार?" निम्मी माणसं तिथूनच परत जायची. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचो.

माझ्या कामाचं तर त्यांनी पार वाटोळं केलं होतं. रिटचर म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करणारा माणूस. डाग झाकायचे, सुरकुत्या पुसायच्या, आणि मुख्य म्हणजे लग्नाच्या मुलींना उजळ करायचं. सगळा धंदा या शेवटच्या कलमावर चालायचा. हवालदारांनी मला पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं, "फोड आठ दिसांत जातो, त्यो काढ. रंग जन्माचा हाय. त्याला हात लावायचा न्हाई."

एकदा मिरजेकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस. फोटो काढून झाल्यावर गृहस्थ हवालदारांच्या कानाशी लागले, जरा उजळ करा, स्थळ मोठं आहे. हवालदार त्यांना ओलांडून मुलीकडे गेले.

"बाय, तुजं काय म्हननं?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "हाय तसाच ऱ्हाऊ द्या. उजळ केला तर तिकडं गेल्यावर मलाच ऐकावं लागंल."

"ऐकलं?" हवालदार गृहस्थांना म्हणाले. "तुमच्या घरात शानं मानूस हाय, आन् तुमी त्याला पुसून टाकाय निगालाय."

गृहस्थ तणतणत निघून गेले, फोटो न्यायलाही आले नाहीत. हवालदारांनी तो फोटो मोठा करून बाहेरच्या कपाटात लावला. पुढे त्या मुलीच्या आईनेच येऊन तो नेला.

असा हा माणूस. रागीट म्हणावा तर रागीटच. वर्तमानपत्र वाचतानाही भांडायचे. तांबड्या पेन्सिलीने ओळीखाली रेघ मारून "खोटं" असं मोठ्याने म्हणायचे. पण त्यांच्या रागाला कारण असायचं आणि ते कारण विचारलं तर सांगता यायचं. माझा राग तसा नाही, मला नुसताच राग येतो. म्हणूनच त्यांच्याजवळ मला बरं वाटायचं.

त्यांचा धाकटा भाऊ यशवंत. मूळ गाव विट्याच्या अंगाला, पाण्याची बोंब. गावातले कितीतरी लोक सोनं गाळायच्या धंद्यात मुलुखभर पांगले, पण ती वाट सगळ्यांना मोकळी नव्हती. यशवंत लहानपणीच कऱ्हाडच्या बाजूला कृष्णाकाठी मावशीकडे राहिला आणि तिथं माशासारखा पोहायला शिकला. मोठा भाऊ फौजेत, त्याला पाणी फक्त बाटलीतलं ठाऊक. यशवंत वर्षातून दोनदा सांगलीला यायचा, हवालदारांना नदीवर ओढून न्यायचा आणि ते काठावर बूट घालून उभे राहायचे. "दादा, गुडघ्यापतूर तरी ये," म्हणून तो हसायचा. जगात हवालदारांना हसणारा तेवढा एकच माणूस.

यशवंतला कऱ्हाडकडच्याच नदीकाठच्या एका साखर कारखान्यात काम मिळालं. कारखान्याचं नाव मी लिहिणार नाही. पाणी उचलायला नदीत खोल विहीर बांधलेली असते, त्याला जॅकवेल म्हणतात. नदीचं पाणी तिच्यात शिरतं त्या तोंडाला लोखंडी गजांची जाळी असते, दोन पुरुष पाण्याखाली, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी खोल. जाळीला शेवाळ, चिंध्या, पाचट येऊन बसतं. यशवंतने बुडी मारून ते काढायचं. त्यातला एक गज मोडून आत वाकला होता आणि मधे माणसाचा पाय जाईल एवढं भगदाड पडलं होतं. हे त्याने सुपरवायझरला सांगितलं, दिवाळीला सांगलीला आला तेव्हा हवालदारांना आणि मलाही सांगितलं. नियम असा की, माणूस पाण्यात असेपर्यंत पंप बंद. पण गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याला क्षणभरही पाणी थांबलेलं चालत नाही. सुपरवायझरने पंप चालूच ठेवला. पंपाच्या ओढीने यशवंतचा पाय त्या भगदाडात गेला तो निघाला नाही.

यापुढचं लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. सुपरवायझरने जबानी दिली की, यशवंत कांबळे दारू पिऊन आंघोळीला उतरला आणि बुडाला. जाळी धड आहे, पंप बंद होता. पंच कोण, तर कारखान्याचेच दोन नोकर. डॉक्टर परगावी, म्हणजे प्रेताची तपासणीही नाही. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे पोर जिवानिशी गेलं ते गेलं आणि वर गुन्हेगार ठरलं.

पण याहून वाईट निराळंच होतं. दीक्षा घेताना त्या वस्तीने ज्या प्रतिज्ञा घेतल्या त्यात दारू न पिण्याची एक होती. नुसती तोंडाने घेतलेली नव्हे. त्या वस्तीतली दारू त्या दिवसापासून खरोखर सुटली होती, ही गोष्ट अख्खा गाव मान्य करायचा. आणि आता यशवंत दारू पिऊन मेला असं सरकारदरबारी नोंदलं गेलं. वस्तीत कुणी तोंडावर काही बोललं नाही. न बोलणंच जास्त झालं. त्यांच्या आईने समाजमंदिरात वंदनेला जायचं सोडलं. विचारलं की म्हणायची, कंबर धरलीय. कंबर चांगली होती, ती रोज रानातून जळणाचा भारा आणत होती. हवालदार गावाहून परत आले आणि मला म्हणाले, "आयला खरं वाटतंय ते. तोंडानं म्हनत न्हाई, पर वाटतंय."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगाय कशाला पायजे? पोटचं पोर हाय तिचं." आणि त्यांनी पेन्सिल उचलून भिंतीवर फेकली.

दुसऱ्या दिवसापासून ते पाण्याखालच्या फोटोच्या मागे लागले. हिशेब सरळ होता. जाळी धड आहे हे त्या जबानीतलं पहिलं खोटं. ते एक उघडं पडलं तर त्याच्या आधाराने उभं असलेलं दुसरंही पडेल. साक्षीला कामगार येणार नाहीत, त्यांना पोटं आहेत. स्वतः बुडी मारून बघून आलो तर लोक म्हणणार, भाऊच तो, असंच सांगणार. फोटोला नातं नसतं.

मुंबईच्या जुन्या बाजारात त्यांचा एक फौजेतला दोस्त होता. त्याच्याकडून एक पितळी पेटी आली. आरमाराच्या मोडीतली असावी. कॅमेरा आत ठेवून पाण्यात न्यायची. पुढे जाड काच, मागे रबर बसवलेलं झाकण आणि मळसूत्राचे खिळे. पेटी उत्तम होती, पण ती कुठल्या तरी वेगळ्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली. त्या कॅमेऱ्याची कळ वर असणार. पेटीच्या माथ्यावर त्यासाठी भोक होतं आणि त्यातला दांडा केव्हाच गहाळ झाला होता. हवालदारांच्या कॅमेऱ्याची कळ पुढे, भिंगाच्या बाजूला. बाहेरून बोट फिरवायचं आणि आत भलत्याच जागी ती कळ दाबली जायला हवी, आणि पाण्याचा थेंबही आत शिरता कामा नये. फौजी माणूस, त्यामुळे ते कळीला बंदुकीसारखं घोडाच म्हणायचे. "घोडा बसला की काम फत्ते," असं रोज सकाळी म्हणून कामाला लागायचे.

आणि एकीकडे पोहणं. जन्माचा कोरडा माणूस, ऐन मार्गशीर्षातल्या थंडीत सकाळी नदीत. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधलेला. नावाड्याची बायको गोदाबाई होडीतून वल्हं पुढे करून शिकवायची. हवालदार पाण्यालाही शिव्या घालायचे, नाकातोंडात पाणी जायचं, खोकायचे, पुन्हा शिव्या. गोदाबाई म्हणायची, "आवं हवालदार, हात मारा. तोंड मारून मानूस तरत न्हाई." काठावर माणसं जमून हसायची. मी टॉवेल धरून उभा असायचो आणि हसणाऱ्यांना ढकलून द्यावंसं वाटायचं. संक्रांत झाली तेव्हा ते डब्याशिवाय तरंगत होते आणि दगड धरून बुडीही मारत होते.

पहिला घोडा त्यांनी दाबायचा केला. भोकातून एक दांडा, आत त्याला पितळेची वाकवलेली पट्टी जी थेट भिंगाजवळच्या कळीवर टेके, वर सायकलच्या ट्यूबचं टोपण घट्ट आवळलेलं. रबरावर अंगठा दाबला की दांडा खाली, कळ खाली, खट्. स्टुडिओत फोटो धुवायच्या टबात पेटी बुडवून आम्ही दिवसभर खटखट केलं. एक थेंब आत नाही. त्या दिवशी हवालदारांनी मला आपल्या पैशाने मिसळ खाऊ घातली, ही घटना लक्षात ठेवण्याजोगीच होती.

मग नदी. सांगलीच्या घाटाजवळ बुडालेली एक जुनी पायरी होती, तिचा फोटो काढून बघायचं ठरलं. फिल्म धुतली, नुसता राखाडी धूर. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. हवालदार म्हणत, "मी घोडा दाबतो तवा काय आवाजच येत न्हाई." फिल्मला शिव्या, मला शिव्या, पाण्याला तर होत्याच. शेवटी त्यांनी कळ ताणून ठेवलेली पेटी दोरीला बांधली आणि कुणाचाही हात न लावता नुसती पाण्यात सोडून वर ओढली. उघडली तर कळ आधीच पडलेली. टबात वीतभर पाणी, त्याला जोर नाही. नदीत खाली जाईल तसं पाणी चहूकडून दाबतं, आणि ते रबराचं टोपण त्या पाण्यानेच दाबलं जात होतं. हवालदार पायरीपाशी पोचायच्या आत नदीने फोटो काढून टाकलेला असायचा.

चूक सापडल्यावर माणूस खूश होतो. हवालदारांनी धुण्याचा टब लाथेने उलटा केला. "म्हैनाभर मी पान्याला घोडा दाबाय दिला," म्हणाले आणि दोन दिवस त्यांनी पेटीला हात लावला नाही.

स्टुडिओसमोर बाबूभाई बत्तीवाल्यांचं दुकान होतं. लग्नाला, वरातीला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. दुपारी ते दारात बसून बत्त्या साफ करायचे. तिसऱ्या दिवशी हवालदार तोंड वाकडं करून दारात उभे होते आणि समोर बाबूभाई एका बत्तीची चक्री इकडून तिकडे फिरवत होते. गॅसबत्तीच्या मानेला ही बारकी चक्री असते. ती फिरवली की आतली सुई वर-खाली होते आणि रॉकेलची वाट मोकळी होते. आत पंपाने भरलेली हवा ठासून असते, तरी चक्रीच्या दांड्यापाशी ती बाहेर येत नाही. हवालदार रस्ता ओलांडून गेले. सायकलवाला त्यांच्यावर आदळता आदळता वाचला.

"बाबूभाई, हितनं हवा का निगत न्हाई?"

"आत प्याकिंग हाय ना. दांड्याला दोरा गुंडाळायचा, वरनं नट आवळायचा."

"आन् दांडा फिरतोय. दाबत न्हाई, फिरतोय."

"फिरनारच. चक्री हाय ती," बाबूभाई म्हणाले. भर दुपारी हवालदारांना झालंय काय, हे त्यांना कळेना.

हवालदारांनी त्यांच्याकडून एक बाद बत्ती घेतली आणि तिची ती सगळी मानच करवतीने कापून काढली. चक्री, दांडा, नट आणि दांड्याच्या टोकाचा तो तिरका खिळा, जो फिरताना सुईला वर-खाली करतो. लेथवाल्याकडून पेटीच्या भोकाला आटे पाडून घेतले. ग्रीस चोळलेला सुती दोरा भरला. तिरक्या खिळ्यापुढे पितळेची पट्टी लावली, ती कानशीने घासून घासून बरोबर कळीवर आणली. पाण्याने कितीही दाबलं तरी दाबल्याने चक्री फिरत नाही. ती हाताने फिरवावी तेव्हाच फिरते. पेटी पुन्हा दोरीला बांधून नदीत सोडली, वर काढली. कळ ताणलेली तशीच. हवालदार बुटाच्या टोकाने घाटाची पायरी हळूहळू ठोकत राहिले.

फाल्गुनात पाणी निवळलं. कारखान्याच्या पंपघराचा वॉचमन फौजेतून पेन्शनीत आलेला शिपाई होता. हवालदारांनी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "दुपारी पंप थंड करत्यात तवा मी जेवाय जातो. माजं जेवान लांबतं." उन्हं डोक्यावर आली तेव्हा हवालदार दगड धरून खाली गेले. कंबरेला दोरी, दोरीचं टोक माझ्या हातात. एका बुडीला एकच फोटो, मग वर येऊन झाकण उघडून फिल्म पुढे सरकवायची. चार-पाच वेळा ते गेले. शेवटच्या वेळी वर आल्यावर काठ धरून बराच वेळ पाण्यातच राहिले. मी हात दिला, तो घेतला नाही.

"माजा पाय घालून बगितला," एवढंच म्हणाले. "बसतो."

दोन फोटो स्वच्छ आले. वरून आलेल्या उन्हात गजांची रांग, आणि मधला एक गज मोडून आत वळलेला, त्याच्या बाजूला काळं भगदाड. मी त्यावर पेन्सिलीचं टोकसुद्धा टेकवलं नाही. धुळीचे ठिपकेही तसेच ठेवले.

साताऱ्याला चौकशी अधिकाऱ्यापुढे जायची परवानगी मिळायला चैत्र उजाडला. मी मूळचा साताऱ्याचा, म्हणून बरोबर गेलो. कचेरीच्या बाकावर आम्हाला उन्हं कलेपर्यंत बसवून ठेवलं. आत गेलो तर सुपरवायझर आधीच खुर्चीवर बसलेला. आम्हाला खुर्च्या नव्हत्या. अधिकारी गोड बोलणारा होता. मला गोड बोलणाऱ्यांची तेव्हापासून चीड आहे.

त्याने फोटो उलटसुलट करून पाहिला. "हवालदारसाहेब, कष्ट घेतलेत. पण असे फोटो तयारही करता येतात. रिटच की काय म्हणतात."

माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "साहेब, यावर रिटच नाही. रिटच कसं दिसतं ते मला माहीत आहे."

"आपण काय करता?"

"मी यांच्या स्टुडिओत रिटचर आहे."

सुपरवायझर हसला. अधिकारी हसला नाही, त्याने नुसती मान हलवली. हवालदारांनी खिशातून निगेटिव्ह काढून टेबलावर ठेवली. "निगेटिव्ह बगा. हाय तशी हाय."

"पण रिटच निगेटिव्हवरच करतात ना?" अधिकाऱ्याने मला विचारलं. मला म्हणावं लागलं, करतात. आयुष्यभर मी तेच केलं होतं. अधिकारी म्हणाला, "बघा, म्हणजे प्रश्नच मिटला." आणि घंटी वाजवून त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

ज्या माणसाने एका मुलीचा रंग बदलला नाही, धंदा बुडाला तरी बदलला नाही, त्याला त्या खोलीत उभं करून खोटारडा ठरवलं, आणि ते माझ्या तोंडून वदवून घेतलं. स्टँडपर्यंत मी बडबडत होतो. हवालदार मात्र झपाझप पुढे चालत होते. एसटीत बसल्यावर म्हणाले, "तू रिटचर हाईस त्याचं काय न्हाई. मी आत जायच्या आदीच त्याचं ठरल्यालं हुतं. आता परत खाली जायाचं. ह्या टायमाला जाळीसंगं पंपघराची भिंत बी आली पायजे फोटूत."

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. हवालदार खाली गेले आणि लगेच वर आले. फोटो काढला नव्हता. "गज नवे हायती," म्हणाले. "समदी जाळी नवी. तांबडा रंग बी वाळला नसंल." वॉचमन दुसरीकडे बघत हळूच बोलला, "तुमी साताऱ्याला गेलाव त्याच दिशी वेल्डर आला." हवालदार पुन्हा खाली गेले आणि त्या नव्या गजांचाही फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी चिकटवून साताऱ्याला पाठवले. धड जाळी कोण कशाला बदलतो, एवढाच प्रश्न खाली विचारला होता. उत्तर आलं नाही. कधीच आलं नाही. एक गोष्ट झाली, त्या भगदाडात यापुढे कुणाचा पाय जाणार नव्हता. मी तसं म्हणालो तर हवालदार माझ्यावरच उसळले, "यशाचा जीव घिऊन बसवली ती जाळी, आन् त्याला दारुडा ठिवून बसवली. मला समाधान सांगू नको."

वैशाखी पौर्णिमेला ते मला गावी घेऊन गेले. मोडक्या गजाचा फोटो त्यांनी दारात मावेल एवढा मोठा करून लाकडी चौकटीत बसवला होता. एसटीच्या टपावर पोत्यात गुंडाळून आणला. समाजमंदिराच्या अंगणात सकाळीच माणसं जमली होती. हवालदारांनी चौकट भिंतीला टेकवून उभी केली आणि परेडला सांगावं तसं सांगितलं. हा गज, हे भगदाड, हितं यशाचा पाय अडकला, पंप चालू हुता, जाळी आता बदलल्याली हाय. माणसं वाकून वाकून बघत होती. म्हातारे च्यक्-च्यक् करत होते. एकाने कारखान्याच्या नावाने शिवी घातली, दुसऱ्याने घातली. अंगण तापलं. मलाही जोर चढला.

मग हवालदार जाऊन आईला घेऊन आले. बारकी, काळीसावळी बाई, डोक्यावरून पदर. ती फोटोसमोर उभी राहिली. तिने गजांवरून नजर फिरवली, भगदाडापाशी थांबली. बराच वेळ पाहिलं.

"हितं पाय गावला त्येचा?"

"व्हय, आय."

"बरं." थोडं थांबून ती म्हणाली, "आन् धोंडीराम, त्यो प्याला न्हवता, हे ह्यात कुठं हाय?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी नाही, त्या गोड अधिकाऱ्याने नाही. जाळी मोडलेली असूनही माणूस प्यालेला असू शकतो. फोटोत ते नव्हतं. कुठल्याच फोटोत येण्यासारखं ते नव्हतं. हवालदारांनी तोंड उघडलं. आता ते ओरडतील असं मला वाटलं. ते फोटोकडे बघत राहिले.

"ह्यात न्हाई, आय," शेवटी म्हणाले.

"मग तू सांग. प्याला हुता?"

"न्हाई. दीक्षा घेतल्यापास्नं कवाच न्हाई."

"हे आल्या आल्या का न्हाई बोललास?" तिचा आवाज चढला. "सा म्हैनं मी त्वांड लपवून बसली. तू फोटूच्या मागं पळत हुतास. मला फोटू पायजे हुता व्हय? तू सांगायाचं, मी ऐकायाचं. तुजं खोटं मी कवा धरलंय?"

ती वळली आणि लोकांमधून वाट काढत आत वंदनेला गेली. बायका तिच्या मागोमाग उठल्या. मग पुरुषही गेले. आतून वंदना सुरू झाल्याचा आवाज आला. अंगणात हवालदार आणि मी, आणि ती भिंतीला टेकवलेली चौकट.

पावसाळ्यानंतर मी साताऱ्यात छापखान्यात नोकरी धरली, हवालदारांशी पुढे गाठ पडली नाही. पण मला ते आठवतात ते त्या अंगणातले, भर उन्हात, पायांत बूट, हात दोन्ही बाजूंना सरळ. आत यायची खूण कुणीतरी केली तरी ते हलले नाहीत. मी जवळ गेलो. ते फोटोकडे नव्हे, समाजमंदिराच्या दाराकडे बघत होते, आणि दात आवळून पुन्हा पुन्हा एकच बोलत होते. "त्या कचेरीत एकानं तरी इचारायचं हुतं रं. प्याला हुता का म्हनून एकदा तरी मला इचारायचं हुतं."